बिल्ड प्रणालीची निवड

बिल्ड प्रणालीची निवड : मुक्तस्रोत प्रकल्पाच्या मूळ संहितेपासून अनेक संचालन प्रणालींवर चालणारे सॉफ्टवेअर बांधण्याचे साधन ठरविण्याची प्रक्रिया [→ मुक्तस्रोत सॉफ्टवेअर].

स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ हे साधन तयार केले. पुढे ऑटोटूल्स, सीमेक (२०००) व मेसन (२०१३) ही साधने आली.

सीमेक व मेसन स्वतः संकलन करीत नाहीत. निंजा, व्हिज्युअल स्टुडिओ यांसारख्या साधनांसाठी ती नियमफायली निर्माण करतात [→ संकलक]. विंडोज, लिनक्स व मॅकओएस यांवरील उपयोगिता, आवश्यक संग्रहांचा (लायब्ररींचा) शोध, वेग आणि मराठीसारख्या भाषांतील भाषांतर-फायलींचे रूपांतर हे निवडीचे प्रमुख निकष होत. ऑटोटूल्सला युनिक्स शेल लागत असल्याने विंडोजवर त्याचा वापर अवघड जातो.

नव्या योगदानकर्त्याला प्रकल्प आपल्या संगणकावर बांधता येणे या निवडीवर अवलंबून असते. प्रकल्प ही निवड पुढे बदलूही शकतात; उदा., केडीई या मुक्तस्रोत प्रकल्पाने २००६ मध्ये ऑटोटूल्सऐवजी सीमेक स्वीकारले.