औषधांना दाद न देणारा टीबी: जंतूच्या जनुकीय वाचनातून काय कळते?

थुंकीच्या अहवालात ‘रिफाम्पिसिन रेझिस्टन्स’ असे आले, की घरचे लोक पहिला प्रश्न विचारतात, “गोळ्या मधेच सोडल्या होत्या का?” अकोल्याच्या जुन्या शहरात प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. उत्तर दरवेळी ‘हो’ नसते. ते का, हे जिनोम सिक्वेन्सिंगमुळे, म्हणजे जंतूच्या संपूर्ण जनुकीय वाचनामुळे, स्पष्ट झाले आहे.

ही तपासणी नेमके काय करते?

टीबीच्या जंतूचा जनुकीय मजकूर सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. तो पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला १९९८ मध्ये. त्यातले एखादे अक्षर बदलले, तरी एखादे औषध निकामी ठरू शकते. सरकारी दवाखान्यात होणारी सीबीनॅट तपासणी मुख्यतः ‘आरपीओबी’ या जनुकातील ८१ अक्षरांचा तुकडा तपासते आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का, ते सुमारे दोन तासांत सांगते. कल्चरवर इतर औषधे तपासायला काही आठवडे लागतात. संपूर्ण वाचनात अनेक औषधांची माहिती एकाच वेळी मिळते.

मुंबईने काय शिकवले?

२०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेले चार रुग्ण देशभर चर्चेत आले. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हते. पुढे हिंदुजा रुग्णालय आणि मुंबईचीच फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या दोन्ही संस्था ‘क्रिप्टिक’ या आंतरराष्ट्रीय संशोधनगटात सहभागी झाल्या. या गटाने २०१८ मध्ये दहा हजारांहून अधिक नमुन्यांवरून दाखवले, की टीबीची पहिल्या फळीतली चार औषधे चालतील का, हे जनुकीय वाचनातून बऱ्याच अचूकपणे सांगता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा जनुकीय बदलांची यादी काढली आणि २०२३ मध्ये ती वाढवली.

मुंबई परिसरातील जंतूंच्या वाचनावर आधारित एक अभ्यास २०२२ मध्ये आला. लेव्होफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे तिथले मोठे प्रमाण काही ठरावीक वंशाच्या जंतूंमुळे आहे, असे त्यात दिसले.

दोष रुग्णाचाच असतो का?

टीबीच्या जंतूत साधारण दोन वर्षांत एखादे अक्षर बदलते. त्यामुळे दोन रुग्णांच्या जंतूंत पाचपेक्षा कमी अक्षरांचा फरक असेल, तर संसर्ग अलीकडेच एकमेकांत किंवा एकाच ठिकाणाहून पसरला असण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे ज्याने आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतली नाही, त्यालाही थेट ‘एमडीआर’ जंतू लागू शकतो. घरातल्या सुनेला किंवा कामासाठी बाहेरगावी राहून आलेल्या मुलाला बोल लावण्याआधी हे लक्षात घ्यावे.

मर्यादा

संपूर्ण वाचनासाठी बहुधा आधी कल्चर वाढवावे लागते. बेडाक्विलीनसारख्या नव्या औषधांच्या बाबतीत कोणता बदल खरोखर घातक आहे, हे अजून पूर्ण उलगडलेले नाही. म्हणून ही तपासणी सीबीनॅटची जागा घेत नाही. गरज आहे का, ते उपचार करणारे डॉक्टर ठरवतात.

आपण काय करावे?

- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.
- खोकल्यासाठी मेडिकलमधून परस्पर लेव्होफ्लॉक्सासिन घेऊ नका. त्याने टीबी तात्पुरता दबतो, निदान लांबते आणि पुढे लागणारे औषध वाया जाऊ शकते.
- औषध-प्रतिरोधी टीबी निघाला, तर घरातल्या सगळ्यांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करा.
- मळमळ, कमी दिसणे, पायांना मुंग्या असा त्रास झाला, तर गोळ्या बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगा.

हा लेख माहितीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.