राघोबादादांच्या वकिलाचें धोतर

पेशवाईसाठीं झुरणाऱ्या राघोबादादांनीं इंग्लंडास मदत मागण्याकरितां वकील धाडला, तो हणमंतराव नांवाचा ब्राह्मण. १७८१ सालीं तो व त्याचा पारशी सहकारी मणियार विलायतेंत होते. या वकिलातीचें राजकारण अभ्यासक सांगतात. हणमंतरावाच्या धोतराचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वस्तुतः कर्मठ ब्राह्मणाची सागरावरची खरी पंचाईत तेथेंच होती.

पुण्यांत सोवळें स्वतः पिळावें आणि कोणाची शिवाशिव होऊं नये म्हणून उंच दांडीवर काठीनें वाळत घालावें, हा नित्यक्रम. त्या काळच्या शिडाच्या जहाजांवर गोडें पाणी पिंपांतून मोजून मिळे. तें पिण्यासच जेमतेम पुरे. उरला समुद्र! त्याच्या पाण्यांतील चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळें गोऱ्या खलाशांच्या साबणासही फेंस येत नसे, नुसता चिकट साका धरे. कापड कितीहि पिळलें तरी मीठ आंत राहतें, आणि तें हवेंतला ओलावा शोषून घेत असल्यानें वस्त्र पुरतें वाळत नाहीं. अंगास खाज सुटते ती निराळीच. शिवाय वाळत घालावें तर दोर खलाशांच्या हातचे. पावसाची सर आली, तरच मनाजोगें धुणें.

विलायतेंत एडमंड बर्कनें बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेंतलें काचघर या पाहुण्यांस स्वयंपाकासाठीं व आन्हिकासाठीं मोकळें करून दिलें. वकिलातीच्या हातीं मात्र कांहीं लागलें नाहीं. १७८२ च्या सालबाईच्या तहानें राघोबादादांस पेशवाईऐवजीं नेमणूक मिळाली.