अलहम्ब्रांतील दोन रात्री

ग्रनाडा येथील अलहम्ब्रा या मूर राजांच्या जुन्या वाड्याच्या आवारांत १९२२ च्या जूनमध्यें, १३ व १४ तारखांस, एक आगळी गायनस्पर्धा भरली. संगीतकार मानुएल दे फाया व चोवीस वर्षांचा कवि फेदेरिको गार्सिया लोर्का यांस एकच भय होतें: अन्दालुसियांतील जिप्सींचें व खेडुतांचें ‘कान्ते होन्दो’, म्हणजे अंतरींच्या खोलींतून उमटणारें गाणें, कॅफेंतील उथळ रंजनांत बुडून जाईल. म्हणून एकवीस वर्षांवरील धंदेवाईक गायकांस स्पर्धेंत मज्जाव होता. गंमत अशी कीं, परीक्षकांचे अध्यक्ष आन्तोनियो चाकोन हे स्वतःच नामांकित धंदेवाईक गवई! वस्तुतः हें गाणें अशा गवयांच्या गळ्यांनींही जगविलें होतें. फायांच्या ध्यानीं तें पुरतें आलें नसावें.

सत्तरीच्या घरांतील दिएगो बेर्मूदेस गायला व त्यानें सभा जिंकली. नामांकित नर्तकी ला माकारोना नाचली. दुसऱ्या रात्रीं पाऊस आला. पारितोषिक मिळविणाऱ्यांत मानोलो काराकोल हा बारा वर्षांचा पोरही होता.

पुढें १९३६ च्या ऑगस्टमध्यें, यादवी युद्धाच्या आरंभीं, लोर्कास ग्रनाडाजवळच गोळ्या घातल्या गेल्या. फाया १९४६ मध्यें दूर अर्जेंटिनांत वारले. काराकोल मात्र मोठा गवई झाला, आणि तोही धंदेवाईकच.