उधारी

आबा पेपर वाचताना 'अनुशेष' म्हणाले, की लहानपणी मला ती कुणाकडची तरी उधारी वाटायची. तसं ते खरंच होतं म्हणा!

१९५३च्या नागपूर करारात विदर्भ-मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी द्यायचा शब्द होता. १९८४ साली दांडेकर समितीने हिशेब मांडला: राज्याच्या सरासरीमागे राहिलेल्या जिल्ह्यांचा अनुशेष ३,१८६ कोटी, त्यात ३९ टक्के एकट्या विदर्भाचा. १९९४ला वैधानिक विकास मंडळं आली. त्या वर्षाच्या स्थितीवर पुन्हा मोजलं, तर आकडा १४ हजार कोटींवर! भाव वाढले होते, सरासरीही पुढे सरकली होती. २०२०मध्ये मंडळांची मुदत संपली.

असो. आबांची आम्ही सगळी नातवंडं आज पुण्या-मुंबईत. हा अनुशेष कुठल्या तक्त्यात धरायचा?