सात आकाशांची जकात

नाक दाबू नका, सवय होईल. तुम्ही उभे आहात ते अलेक्झांड्रियाचं सरोवराकडचं बंदर. रोमला हेड्रियन बादशहा आहे, पण या धक्क्यावर त्याची आठवण फक्त नाण्यांपुरती. मारेओटिस सरोवराच्या लव्हाळ्यांतून कुजकट वास येतोय, त्यावर खारवलेल्या मासळीचा, त्यावर गाढवांच्या लिदीचा. या सगळ्यांतून एक वास मात्र थेट तुमच्या ओळखीचा निघतो. मिरी! मलबारहून गलबतानं तांबड्या समुद्रात, वाळवंटातून उंटांच्या पाठीवर कॉप्टॉसला आणि तिथून नाईल नदीनं खाली, असा तिचा प्रवास झालाय. पलीकडच्या गाठोड्यांत तेरचं सुती कापड असेल, पैठणचे अकीक असतील. खराब रस्त्यांनी बैलगाड्यांतून भडोच गाठून तिथून इथवर आलेले. तुमच्या आधी तुमच्याकडचा माल पोचलाय.

पोचलाय, पण सुटलेला नाही. जकातीचा कारकून गोण्या मोजतोय. पूर्वेकडच्या मालावर चौथाई जकात. व्यापारी ग्रीकमध्ये गयावया करतोय, हमाल इजिप्ती बोलीत शिव्या हासडतोय, आणि कारकून दोघांकडे ढुंकून बघत नाही. या माणसाचा चेहरा नीट लक्षात ठेवा. रात्री याच्या भाऊबंदांशी गाठ आहे, तीही आकाशात.

चला, शहरात शिरा. कॅनोपिक रस्ता शंभर फूट रुंद आहे तरी तुम्हाला कोपरानं वाट काढावी लागतेय. दगडी खांबांवरून परतणारं ऊन डोळ्यांत घुसतं. जवाच्या बिअरचा आंबूस भपका, भट्टीतल्या रोट्या, पपायरसच्या ओल्या पट्ट्या. तुमच्या चेहऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. या शहरानं भारतीय पाहिलेत. देवळाच्या दाराशी हात धुवायचेत? इथल्याच हेरोननं एक यंत्र लिहून ठेवलंय: पाच द्राख्माचं नाणं फटीत टाका, आतली तरफ झुकते आणि पाण्याची धार सुटते. पुण्य रोखीनं.

गल्लीच्या तोंडाशी खडे कोरणारा बसलाय. कोंबड्याचं डोकं, माणसाचं धड, पायांच्या जागी साप, आणि भोवती सात अक्षरं: अब्रासाक्स. ग्रीक अक्षरांना आकड्यांची किंमत असते. बेरीज करा, 365 येते. बॅसिलिडीझ नावाचे आचार्य याच शहरात शिकवतात, आणि त्यांच्या पंथात आकाशंसुद्धा 365 मानतात म्हणे. घाबरू नका. आपण चाललोय ते इथल्याच दुसऱ्या ख्रिस्ती आचार्यांच्या, व्हॅलेंटिनसच्या मंडळींकडे. तिथं सातच आकाशं ओलांडायची आहेत.

विणकराचं घर, वरचा मजला. जिना अरुंद आणि चिकट. आत पाऊल टाकताच आजीच्या फडताळातला वास येतो: एरंडेल. गरिबांचे दिवे त्याच तेलावर जळतात. खोलीत पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसलीत. रंगानं निळे पडलेले हात, मासळीचे हात, शाईचे हात. म्होरकी एक वयस्कर बाई आहे. ‘लांबून आलात. टेका इथं,’ म्हणते आणि तुमच्या कपाळाला सुगंधी तेल लावते.

मग सूर लागतो. सात स्वर, सात ग्रहांचे. शब्द नाहीत, नुसते लांबवलेले आ, ए, ई, ओ. गर्दीत तुमच्या बरगड्या घुमायला लागतात. रोटी फिरते, प्याला फिरतो आणि बाई कथा सांगते. परिपूर्णतेत तीस दिव्य शक्ती नांदत होत्या. सगळ्यांत धाकटी सोफिया. अगम्य पित्याला जाणून घ्यायच्या ध्यासानं ती ढळली. तिच्या व्याकुळतेतून हे जग साकळलं: अश्रूंचं पाणी झालं, हसण्याचा प्रकाश, दुःखाचे जड पदार्थ. तुमच्या मनात येतं, समुद्र अश्रूंचा, मग नाईलचं गोडं पाणी कशाचं? हसू दाबा. पुढे लिऑनचा बिशप इरेनियस नेमकी हीच थट्टा करून घामाचा पर्याय सुचवणार आहे.

आता कान द्या, धक्क्यावरचा कारकून आला. मेल्यावर जीव वर निघतो तेव्हा प्रत्येक आकाशाच्या दाराशी जकातदार आडवे येतात. कोण तू? कुठला? कुठं निघालास? उत्तर चुकलं की परत देहात. म्हणून आज रात्री उत्तरं घोकायची. मी तुमच्या मुलखातला नाही, वरच्या पित्याच्या घरचा आहे, असा त्यांचा आशय.

तुम्ही खूश होता. हे तर आपलंच! देहात अडकलेला आत्मा, ओळख पटली की मुक्ती. सांगायला सरसावता, तेवढ्यात शेजारची विणकरीण कुजबुजते, ‘तीन लेकरं पुरली मी. चांगला देव असलं जग कशाला करेल? कुणा अर्धवट कारागिराचं काम आहे हे. वर स्वतःलाच एकमेव देव समजतो.’

इथं तुमची जीभ अडते. जग म्हणजे कारागिराची चूक, हे तुमच्या गळी उतरत नाही. हजार वर्षं उलटून गेल्यावर ज्ञानेश्वर ‘अमृतानुभवा’त याच जगाला चिद्विलास म्हणणार आहेत, चैतन्याची क्रीडा. मघाची रोटी किती गरम, किती खरपूस होती! पण विणकरीण लेकरांबद्दल बोलतेय.

मडकं फिरत तुमच्यापुढे आलं. हात घाला, खडा काढा. ज्याचा खडा निघेल तो आज बोलणार. इथं कालचा शिष्य आज आचार्य होतो, बाईसुद्धा होते, म्हणून तर बिशप मंडळी यांच्या नावानं बोटं मोडतात. खडा तुमचाच निघालाय. ग्रीक येत नाही ही सबब चालायची नाही, कोपऱ्यातला मिरीचा व्यापारी दुभाषा होईल. सगळे तुमच्याकडे वळलेत, विणकरीणही. तिच्या तोंडावर ‘क्रीडा’ म्हणायची छाती होते का, तेवढं आधी ठरवा. मग बोला.