कानांतील दोन थेंब

कान खाजूं लागला कीं आपल्या घरांतून दोन उपाय ठरलेले असतात. एक तर हातीं लागेल ती काडी किंवा केसांचा आंकडा कानांत जातो. नाहीं तर वडीलधारें माणूस लसूण घालून कढविलेल्या तेलाचे दोन कोमट थेंब कानांत सोडतें. पहिल्या उपायास कोणी शहाणपण म्हणत नाहीं. दुसऱ्यास मात्र आयुर्वेदाचा आधार आहे असें आम्ही अभिमानानें सांगतों. हा आधार कितपत खरा आहे?

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग सांगितले आहेत. कर्णकण्डू म्हणजे खाज, कर्णस्राव म्हणजे कान वाहणें व पूतिकर्ण म्हणजे दुर्गंधी पू, हे त्यांत निरनिराळे गणले आहेत. कर्णपूरण, म्हणजे कानांत औषधी द्रव भरणें, हा तेथील एक उपाय खरा. परंतु वाहत्या कानासाठीं धुणें, पुसून घेणें व धुरी देणें हे उपायहि त्याच्याच पंक्तीस बसविले असून, ते प्रत्येक वेळीं अवस्था पाहून योजावे, अशी अट घातली आहे. आम्हीं तेल ठेवलें. अट तेवढी विसरलों.

ही अट पाळणें फार काळ कठीणच होतें. कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब, वांकडी व अंधारी. पडदा तिच्या टोंकाशीं. १८४१ मध्यें फ्रीड्रिश होफमान या जर्मन डॉक्टरानें मध्यें छिद्र असलेला अंतर्गोल आरसा वापरून कानांत उजेड पाडला, आणि १८५५ पासून आंटोन फॉन ट्रोल्च यानें त्याचा प्रसार केला. नळीची त्वचा सुजली आहे कीं पडद्यासच भोंक आहे, हें आतां डोळ्यांनीं ठरवितां येऊं लागलें.

कानांतील मळ किंचित् आम्ल असतो. तो पाणी दूर सारतो व जंतूंस आवरतो. वारंवार भिजण्यानें आणि कोरण्यानें हें कवच जातें. म्हणून १९ व्या शतकांत कोनिग्सबर्गचा शल्यवैद्य कार्ल ऑगस्ट ब्यूरोव्ह याचें अॅल्युमिनियम अॅसिटेटचें द्रावण उपयोगी ठरलें: तें त्वचा आंवळतें व आम्लता परत आणतें.

दुसऱ्या महायुद्धांत उष्ण, दमट मुलुखांत सैनिकांचे कान मोठ्या प्रमाणावर बिघडले. दोष बुरशीचा, अशी तोंवर बहुतेकांची समजूत होती. तपासणींत मात्र स्यूडोमोनास हा जीवाणूच पुष्कळदां आढळला. पुढें १९४७ मध्यें पॉलिमिक्सिन व १९४९ मध्यें वॅक्समन आणि लेशेव्हालिए यांचें निओमायसिन हीं औषधें आलीं. सूज व खाज शमविणारें हायड्रोकॉर्टिसोन त्यांत मिसळून थेंबांच्या कुप्या तयार झाल्या. गोळीपेक्षां थेंबानें औषध कितीतरी पट तीव्रतेनें नेमक्या जागीं पोंचतें. यास्तव बाह्यकर्णाच्या साध्या दाहावर आजहि थेंबच प्रथम देतात.

पण येथेंच इतिहास पुन्हां त्या जुन्या अटीपाशीं येतो. पडद्यास भोंक असेल तर निओमायसिन आंत झिरपून अंतःकर्णास इजा करूं शकतें, आणि गेलेलें ऐकूं येणें परत मिळत नाहीं. अशा कानासाठीं १९९० नंतरच्या दशकांत सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे निर्धोक थेंब आले. उलट, जंतुनाशक थेंब दिवसेंदिवस चालू ठेवल्यास बुरशीला रान मोकळें होतें. कोंकणच्या पावसाळ्यांत तर तिला आमंत्रणहि नको. तिच्यावर क्लोट्रिमाझोलसारखें वेगळेंच औषध लागतें. मधुमेही माणसाचा कान रात्रंदिवस ठणकत असेल तर दाह हाडापर्यंत जाण्याचें भय असतें. तेथें घरगुती प्रयोगास मुळींच जागा नाहीं.

सारांश, खाज तीच, कुपीहि वरून तशीच, पण एका कानाचें औषध दुसऱ्यास अपाय करतें. शेजारच्या घरची उरलेली बाटली मागून आणण्यापूर्वीं आम्हीं एवढें लक्षांत ठेवावें. आधीं कान पाहवून घ्यावा, थेंब मागून.