अग्निबाण, अँटेना आणि गणिताची वही

आज ज्या पुस्तकांविषयी बोलायचे आहे ती कोणत्याही शाळेच्या यादीत नव्हती. वर्गात सापडली की जप्त व्हायची. मीही ती जप्त केलेली आहेत. तेव्हा हे भाषण थोडेसे कबुलीचेच समजा.

ही चित्रांची पुस्तके. आपल्याकडे पोरे त्यांना ‘कॉमिक’ म्हणत, नाहीतर सरळ ‘इंद्रजाल’. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ इंग्रजीत सुरू केले आणि लौकरच ते मराठीतही येऊ लागले. पहिले ३२ अंक एकट्या फँटमचे, म्हणजे आपल्या वेताळाचे. मूळ कथेत वेताळाच्या देशाचे नाव ‘बंगाला’. ते आपल्या बंगालसारखे वाटेल म्हणून इथे ‘डेंकाली’ झाले! म्हणजे परक्या गोष्टीला इथले पाणी पाजण्याचे काम पहिल्या दिवसापासूनच सुरू होते.

वेताळ आणि जादूगार मँड्रेक यांच्या जोडीला पुढे फ्लॅश गॉर्डन आला, आणि त्याच्याबरोबर आला अग्निबाण. हा गडी मूळचा अमेरिकन वर्तमानपत्रातला. अ‍ॅलेक्स रेमंड या चित्रकाराने ७ जानेवारी १९३४ रोजी त्याला जन्म दिला. मोंगो नावाच्या ग्रहावर जायचे आणि तिथल्या मिंग या जुलमी राजाशी झुंजायचे, एवढीच गोष्ट. पण ती १९३६ साली बोलपटात गेली आणि १९५४ साली टेलिव्हिजनवर. कागदावरून पडद्यावर, असा हा प्रवास.

साठनंतर वारे उलटे फिरले. लंडनच्या बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू केली आणि वर्षभरातच ‘टीव्ही कॉमिक’ या मुलांच्या साप्ताहिकात तिच्या चित्रकथा येऊ लागल्या. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ सप्टेंबर १९६६ मध्ये आली आणि १९६७ मध्ये ‘गोल्ड की’ या प्रकाशनाने तिचे कॉमिक काढले. ते १९७९ पर्यंत, ६१ अंक चालले. असे का व्हावे? कारण साधे आहे. त्या काळी घरोघर टेप नव्हती. एकदा दाखवलेला भाग हवेत विरून जाई. हाती धरून पुन्हा पुन्हा पाहता येईल असे काही असेल तर ते कॉमिकच. शिवाय पडद्यावर नवा ग्रह उभारायला खर्च येतो, कागदावर शाई पुरते.

आता मौज ऐका. ‘स्टार ट्रेक’चे ते सुरुवातीचे अंक इटालियन चित्रकारांनी काढले, आणि मालिका त्यांनी पाहिलेलीच नव्हती! जाहिरातीचे फोटो समोर ठेवून काम चालले होते. त्यामुळे त्या कॉमिकातले यान मागून आगीचे लोळ सोडीत जाते. पडद्यावरच्या यानातून तसले काही निघत नाही. जाणते वाचक हसले. पण अंक खपत राहिले.

आपल्याकडचा क्रम आणखी निराळा. मुंबईला दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वऱ्हाडात ते पोचायला आणखी बरीच वर्षे गेली. म्हणून आमच्या यवतमाळकडच्या मुलाने अंतराळयान आधी कागदावर पाहिले, पडद्यावर मागाहून. माझ्या हाती पहिले इंद्रजाल आले ते मूर्तिजापूरहून यवतमाळला येणाऱ्या शकुंतला गाडीत, मामांनी घेऊन दिलेले. ११३ किलोमीटरची ती अरुंद वाट. गाडीचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडवलेले, आणि ते धापा टाकीत १९९४ पर्यंत ओढत राहिले. बाहेर पऱ्हाटीची शेते, आत मी मोंगो ग्रहावर! दारव्हा आल्याचेही कळले नाही.

पुढे मीच मास्तर झालो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागे. गावात एकच टी.व्ही., उंच बांबूला अँटेना बांधलेली, एक जण ती फिरवायचा आणि बाकीचे आतून ओरडायचे, “आलं, आलं... गेलं!” बोलणे सगळे इंग्रजी. कोणाला काय समजणार? तरी पोरे हलत नसत.

एके सोमवारी सातवीतल्या एका मुलाच्या गणिताच्या वहीत मला चौकटी आखलेल्या दिसल्या. त्याने आदल्या दिवशीचा भाग चित्रांत उतरवला होता. इंग्रजी न कळल्यामुळे संवाद स्वतःचेच, शुद्ध वऱ्हाडीत. त्या इटालियन चित्रकारांनी मालिका पाहिली नव्हती. ह्याने पाहिली होती, पण ऐकू आली ती आपल्याच गावची भाषा. मी मात्र तेव्हा हे काही पाहिले नाही. गणिताची वही खराब केली म्हणून छडी दिली, वही काढून घेतली आणि शाळेच्या कपाटात टाकली.

नंतर टी.व्ही.वरून कॉमिक निघणे आपल्या देशातही नवे राहिले नाही. १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला आणि दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सने त्याची पुस्तके काढली. इंद्रजाल त्याआधीच, १९९० मध्ये बंद पडले होते. आज त्याच्या जुन्या अंकांना हौशी मंडळी चांगली किंमत देतात. आमच्या गावच्या वाचनालयाने मात्र एकही ठेवला नाही. सारे रद्दीत गेले, किराण्याच्या पुड्या झाल्या.

ती वहीही गेली. शाळेला चुना मारायचा म्हणून कपाट रिकामे केले, त्यात. मी नंतर शोधली, बरं का, पण फार उशिरा. तिच्यातली एकच चौकट मला धडपणे आठवते. परक्या ग्रहावर यान उतरले आहे, कप्तान दारात उभा आहे, समोर हिरव्या तोंडाचा एक माणूस. कप्तान त्याला विचारतो, “काऊन बे, इथं पानी हाय का?”